कला अकादमीचा घुमारा मोजा, आकडे जाहीर करा

महोदय,

कोकणात वारसा म्हटला की किल्ला, देऊळ, फार तर एखादे चौसोपी घर आठवते. पणजीच्या कांपाल भागातली कला अकादमी, म्हणजे गोव्याचे नाटक-संगीताचे केंद्र, त्यात कुणी धरत नाही, याचे मला फार वाईट वाटते. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही इमारत १९७३ ते १९८३ या काळात उभी राहिली. वय कमी म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

आम्ही सिंधुदुर्गातले नाटकवेडे मराठी नाट्यस्पर्धेसाठी, केसरबाई केरकर संगीत समारोहासाठी तिथे जात आलो. रस्त्यावरून आत शिरावे आणि पर्गोलाच्या, म्हणजे खांबांवर उघड्या तुळया टाकलेल्या मांडवाच्या, सावलीतून चालत सरळ मांडवीच्या काठावर निघावे, अशी तिची मांडणी. तिकीट नसलेला माणूसही घरच्या पडवीत टेकावा तसा तिथे टेकतो. आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिर या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या नाट्यगृहाचे सज्जे रंगवले, त्यांत प्रेक्षकही बसवले. तालमीला खुर्च्या रिकाम्या असल्या तरी नट एकटा पडत नाही.

२०१९ मध्ये इथले खुले नाट्यगृह पाडण्याची भाषा झाली, तेव्हा लोकांनी कडाडून विरोध केला. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्याच नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली झाली आणि कलावंत ध्वनी व प्रकाशयोजनेबद्दल तक्रारी करू लागले. छताची गळती कुणालाही दाखवता येते, बिघडलेला आवाज नाही. नाटकातला शब्द स्वच्छ ऐकू यायचा तर घुमारा, म्हणजे बोलणे थांबल्यावरही सभागृहात रेंगाळणारा आवाज, साधारण सेकंदभरात विरायला हवा. गाण्याला तो त्याहून लांब लागतो. खुर्च्यांचे कापड, छताची पॅनेल, भिंतींवरचा लेप, यातले काहीही बदलले की हे गणित हलते. त्यामुळे ‘आवाज ठीक आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर कुणाचे समाधान होणार?

माझी मागणी साधी आहे. स्वतंत्र ध्वनितज्ज्ञांकडून रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहात घुमारा मोजून घ्या, आकडे जाहीर करा, दुरुस्तीपूर्वीची मोजणी असेल तर तीही शेजारी मांडा. वास्तूला वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण द्या आणि त्यात मिरांडांची चित्रे, पर्गोला व नदीकडे जाणारी मोकळी वाट यांचा नावानिशी उल्लेख करा. मोजणीच्या दिवशी संगीत नाटकातल्या एखाद्या नटाला माइकशिवाय उभे करून त्याचे पद शेवटच्या रांगेत बसलेल्या कलावंतांना ऐकवा.

एक नाट्यप्रेमी वाचक, वेंगुर्ले