माकडांवर अन्याय नको

नाशिक,
ऑक्टोबर, गोडी छाटणीचे दिवस

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तुझ्या लेकीवर, चिनूवर भलताच उखडला होतास. मैत्रिणीसारखे केस, मैत्रिणीसारखीच बाटली, बोलताना मानही तिच्यासारखीच वेळावते. "नुसती माकडं झालीत ही पोरं!" म्हणालास. मला तेव्हा लगेच उत्तर सुचलं नाही, म्हणून आता लिहितोय. माकडं बिचारी एवढी नक्कल करत नाहीत रे.

२००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांनी चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एकच पेटी दिली. (चिंपांझी म्हणजे माकड नव्हे, हे तू काढशीलच. मान्य.) खाऊ काढून दाखवताना आधी पेटीच्या वरच्या भोकात काठी खुपसायची, मग खालून खाऊ काढायचा. वरच्या खुपसण्याचा खाऊशी काडीचा संबंध नव्हता. पेटी अपारदर्शक होती तोवर चिंपांझींनीही सगळं तसंच केलं. पारदर्शक पेटीत ते खुपसणं फुकटचं आहे हे दिसल्यावर त्यांनी ते बहुतेक सोडून दिलं. मुलं मात्र दिसत असूनही खुपसतच राहिली.

बावळटपणा? मला नाही वाटत. आमच्या दिंडोरीच्या मामेभावाच्या द्राक्षबागेकडे बघ. एप्रिलात खरड छाटणी होते, त्यानंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, घड तयार होतो, आणि तो दिसतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. म्हणजे उन्हाळ्यात काय चुकलं ते दिवाळीच्या सुमारास कळणार. त्यात डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट, घड लांबावा म्हणून जीए हे संजीवक, विरळणी, डावणी रोगावरचे फवारे. यातलं नेमकं काय लागू पडलं हे एका हंगामात कोण सांगणार? मग ज्याची बाग दरवर्षी साधते त्याचं सगळंच्या सगळं उचलायचं, न कळणाऱ्या पायऱ्यांसकट. अक्कल चालवून एखादी गाळली आणि नेमकी तीच कामाची निघाली तर अख्खं वर्ष गेलं.

पण हीच सवय छाटणीच्या तारखेत अंगाशी येते. शेजाऱ्याने घेतली म्हणून सगळ्यांनी एकाच आठवड्यात छाटणी घेतली की माल एकदमच येतो, आणि व्यापारी भाव पाडतो. गंगापूर रोडला चुलीवरच्या मिसळीच्या पाट्या बघ, त्यांचंही तेच.

भीतीपोटी केलेली नक्कल मात्र वेगळी. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशने १९५० च्या दशकात माणसांना रेषांची लांबी ओळखायला लावली. सोबतचे सगळे आधीच पढवलेले, एकसुरात चूक सांगणारे. ढळढळीत चूक असूनही सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या घोळक्यामागे गेली. नंतर काहींनी सांगितलं, आपलेच डोळे चुकत असतील असं वाटलं; काहींना नुसतं वेगळं पडायचं नव्हतं. घोळक्यातला एक जण जरी बरोबर उत्तर देणारा ठेवला, तरी हे प्रमाण एकदम खाली येई. मला सगळ्यात आवडतो तो हा भाग.

चिनूचं मान वेळावणं या भीतीच्या खात्यातलं नाही. १९९९ मध्ये चार्ट्रँड आणि बार्ग या मानसशास्त्रज्ञांना दिसलं की अनोळखी माणूस पाय हलवत असेल तर समोरच्याचाही पाय नकळत हलू लागतो. आणि आपली अशी हलकी नक्कल करणारा माणूस आपल्याला जास्त आवडतो. लळा लागला की हे होतंच. कॉलेजात आपल्या त्या सरांचं "म्हणजे काय की" तू उचललंस, ते अजून सुटलेलं नाही. परवा फोनवर मी ते मोजायचंही सोडून दिलं.

म्हणून मैत्रीण तोडू नकोस, बाटलीवरून भांडूही नकोस. फक्त वेगळ्या चालीच्या आणखी एखाद्या पोरीशी तिची गट्टी जमते का बघ. नाहीतर फेब्रुवारीत तिला इकडे पाठव. मामेभावाची पोरगी तिच्याच वयाची आहे आणि बापाचंही ऐकत नाही.

वहिनींना नमस्कार. येताना संत्र्याची बर्फी आण, मागच्या वेळची आईने एकटीनेच संपवली.

तुझा,
बाळ्या