खुर्ची तालुक्यात, सूत्रं वर

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या अपर तहसील कार्यालयाची फीत आपण कापलीत. "आता कुणाला हेलपाटे घालावे लागणार नाहीत," असा शब्द दिलात. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. काल माझे वडील तिथल्या बाकावरून सातव्यांदा रिकाम्या हाताने उठले.

काम एवढंच. सातबारा संगणकावर चढवताना आमचं ०.८१ हेक्टर क्षेत्र ०.१८ झालं. लेखनातली चूक, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होणारी. जुना हस्तलिखित उतारा अर्जाला जोडलाय. पण इथल्या अपर तहसीलदार पदाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याच साहेबांकडे. ते मंगळवारी आणि गुरुवारी येतात, आणि आले की व्हीसीत, म्हणजे वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठकीत असतात. काल दार अर्धवट उघडं होतं. आतून जिल्ह्याच्या साहेबांचा आवाज येत होता, किती अर्ज निकाली, किती प्रलंबित? बाहेर ७८ वर्षांचे वडील काठीवर हनुवटी टेकून बसलेले. पाच वाजता शिपायाने खिडक्या लावल्या. सोसायटी म्हणते, उताऱ्यावर अठरा गुंठे आहेत, कर्जही तेवढ्यावरच मिळेल. पेरणी तोंडावर आलीय, साहेब. रात्री वडील जेवले नाहीत.

दोष त्या एकट्या अधिकाऱ्याचा नाही. तहसीलदाराची बदली मंत्रालयातून होते, जाब वरचे विचारतात, मग त्याचं तोंड आमच्याकडे कशाला वळेल? राज्यात ३६ जिल्हे, ३५८ तालुके. मुख्यालयांच्या पाट्या जागोजाग, निर्णय मात्र मुंबईत. १ मे १९६२ ला याच राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या कारभार खाली यावा म्हणूनच ना? १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने २९ विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाट दाखवली. आणि २०२२ मध्ये मुदती संपल्यावर कित्येक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. आम्ही निवडून दिलेला एक माणूस तिथे नव्हता, ज्याची वाट अडवून विचारावं. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंत. नावाबरोबर माणसं आणि अधिकार का नाही दिलेत?

या कार्यालयाला पूर्णवेळ अधिकारी द्या. कलम १५५ च्या अर्जांना मुदत घाला, आणि ती टळली तर कारण लेखी द्यायला लावा.

पुढची तारीख मंगळवारची आहे. वडील येणार आहेत. निदान त्या दिवशी व्हीसी लावू नका.

आपला,
एक खातेदार