मावशी, गोधडी पोचली

मावशी,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "आगं त्यात काय येवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता लिहूनच टाकतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल तुम्हाला.

गोधडी पोचली. 20 डिसेंबरला नेऊन दिली, दादरला कॅन्सरचे पेशंट राहतात त्या धर्मशाळेत. दिवस तुम्हीच सांगितलेला, गाडगेबाबांची पुण्यतिथी. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरायचे म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे आणि त्यांनीच गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, हे मी शाळेत वाचलेलं होतं, पण तुम्ही मांडीवर कातरणं घेऊन सांगितलंत तेव्हा कुठे नीट कळलं.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आईची केमो परळला चालू होती, दर 21 दिवसांनी. वॉर्डात एसी, त्यात चार-चार तास सलाईन, हात नुसता गार पडायचा तिचा. आम्ही आजीची जुनी वाकळ घेऊन जायचो, पण शेजारी बिहारहून, बंगालहून आलेली माणसं असायची, कोणाच्या अंगावर साधा पंचा, कोणी बायकोची ओढणी गुंडाळून बसलेला. तेव्हाच आई म्हणाली होती, उठून बसले की एक तरी गोधडी द्यायची आपण. आई उठली, ट्रीटमेंट संपली, पण बोटांची टोकं अजून बधिर आहेत, सुई धरली की गळून पडते. आणि मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं.

तरी मी व्हिडिओ बघून एक शिवली होती. जाड म्हणजे ऊबदार असं वाटून आत नायलॉनची साडी, बाबांच्या टेरिकॉटच्या पँटी, सगळं भरलं. टेलरदादांकडे अजून कातरणं मागायला आले तेव्हा तुम्ही आत बसला होतात, ती हातात घेतलीत, एकदा झटकलीत आणि आतलं सगळं एका कोपऱ्यात गोळा झालं. तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, "आजारी माणसाला ह्यो दगड कसा पेलंल गं?" आणि मग दोन दुपारी माझ्याबरोबर बसून एकेक टाका उसवलात. दोन दुपारी! दुकानाचं काजा-बटणाचं काम बाजूला ठेवून.

नंतर सात रविवार तुमच्याकडे येत होते. वर टेलरदादांची कातरणं, शाळेच्या युनिफॉर्मचं निळं चेक्स, ब्लाऊजपीसचे पोपटी नि जांभळे तुकडे, आणि आईने पलंगावर बसून ते लावून दिले, शिवता येत नसलं तरी कुठल्या रंगाशेजारी कुठला हे तिनेच ठरवलं. मध्ये एक मऊ धोतर, खाली आईची धुऊन धुऊन विरत आलेली कॉटनची साडी. चार बाय सहा फूट. आधी कच्चे टाके, मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात फिरत फिरत आत. मला जरीचा काठ वर लावायचा होता, दिसायला छान म्हणून, तर तुम्ही तो माझ्याच गालावर घासलात आणि विचारलंत, लावू? केमोनंतर कातडी किती नाजूक होते हे मी घरात बघितलेलं, तरी मला सुचलं नव्हतं, तुम्हाला सुचलं.

आणि ती गाठीची गोष्ट. दोरा संपला की मी गाठ मारायचे. तुम्ही बोट फिरवून बरोबर हुडकून काढायचात, "गाठ ऱ्हाऊ द्यायची न्हाई आत, टोचती. दोन टाकं मागं घे आन् दोरा मुरव." तुम्ही दोऱ्याबद्दल बोलत होतात पण आमच्या घरात दीड वर्ष तो शब्द कोणी उच्चारला नव्हता, माझा हातच थांबला. तुम्ही काही विचारलं नाहीत. सुई माझ्या हातातून घेतलीत, चहा टाकायला सांगितलंत आणि मी चहा घेऊन येईपर्यंत अख्खी ओळ घालून झाली होती, एकही गाठ नाही. त्या चहासाठी वेगळं थँक्यू, मावशी. त्या दिवशी मला रडायला स्वयंपाकघर हवं होतं आणि ते तुम्ही दिलंत.

72 च्या दुष्काळात माणमधून मुंबईला आलात तेव्हा एक वाकळ आणि दोन पातेली एवढंच सोबत होतं, असं तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. ती वाकळ अजून तुमच्या कॉटवर आहे, ठिगळावर ठिगळ लावून. मी तिच्यावरच बसून शिकले हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

धर्मशाळेत आधी फोन करून विचारलं होतं, त्यांनी सांगितलं गरम पाण्यात धुवून, कडक वाळवून, बंद पिशवीत आणा, पेशंटना इन्फेक्शन लगेच होतं. तसंच नेली. ऑफिसातल्या ताईंनी पिशवीवरूनच हात फिरवला आणि म्हणाल्या, हलकी आहे, बरं झालं. मला वाटलं हे ऐकायला तुम्ही तिथे हव्या होतात.

आईने दुसरीसाठी तुकडे लावायला घेतलेत. रविवारी येतेच आहे. कातरणं धुवून गच्चीत वाळत घातलीयत, लाल वेगळी भिजवली, मागच्यासारखा रंग उतरायला नको.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची