कुसाळेची गोळी आणि दहावीचा पहिला धडा

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

मोठ्या स्पर्धा आल्या की मुलांचा अभ्यास बुडतो, शाळांनीच याला आवर घालावा, अशा आशयाचे एका पालकांचे पत्र आपल्या स्तंभात वाचले. त्यांची काळजी खोटी नाही. रात्री सामना लांबला की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असतो. पण मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझी तक्रार नेमकी उलटी आहे. मुले रात्री जे डोळे फाडून पाहतात, त्यातले काहीही सकाळी आमच्या तासिकेत येत नाही. ते आणायला फार पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. तरी येत नाही.

पदक मिळाले की शाळेत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. फलकलेखन होते, परिपाठाला कुणीतरी दोन मिनिटे बोलते, चित्रकला स्पर्धा होते, फोटो काढून ग्रुपवर टाकले जातात. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर विचारूच नका. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्रात आलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गावर ‘गुरुत्वाकर्षण’ हा पुस्तकातला पहिलाच धडा चालू होता, आणि पदकाचा आणि धड्याचा काही संबंध असेल असे कुणाच्या मनातही आले नाही.

संबंध किती जवळचा आहे ते पाहा. वर्गात विचारले, बंदुकीतून सुटलेली गोळी ५० मीटरवर जाईपर्यंत किती खाली येते? बहुतेकांचे उत्तर शून्य. एकाने तर मलाच झापले, “सर, गोळी काय दगड हाय व्हय खाली पडायला?” मग फळ्यावर हिशेब मांडला. या रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर धरा, म्हणजे ५० मीटरला साधारण ०.१५ सेकंद. आता धड्यातलेच सूत्र, अंतर बरोबर अर्धा गुणिले जी (गुरुत्वीय त्वरण) गुणिले वेळेचा वर्ग. उत्तर येते सुमारे ११ सेंटिमीटर. या प्रकारातल्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि सगळ्यात बाहेरच्या, एका गुणाच्या वर्तुळाची त्रिज्या जेमतेम ७७ मिलिमीटर. म्हणजे नळी अगदी आडवी, बरोबर मध्यासमोर धरून गोळी झाडली, तर ती सगळी वर्तुळे सोडून खाली लागेल, एकही गुण मिळणार नाही! म्हणूनच नेमबाज आपली साइट, म्हणजे रायफलवरचे नेम धरायचे साधन, अशी जुळवून घेतो की डोळा मध्यावर असतो आणि नळी किंचित वर रोखलेली असते. हा हिशेब सुटला तेव्हा वर्गात जी शांतता झाली, ती ‘मुक्तपतन म्हणजे काय ते सांगा’ या प्रश्नाने मी कधी मिळवलेली नाही.

त्याच तासाला दोन नाणी घेतली. एक टेबलाच्या कडेवरून टिचकीने आडवे उडवायचे, दुसरे त्याच क्षणी तिथूनच नुसते सोडून द्यायचे. दोन्ही फरशीवर एकदमच वाजतात. डोळ्यांपेक्षा कानांना हे जास्त पटते, म्हणून मुलांना टेबलाकडे पाठ फिरवून उभे केले. गोळी दगडच आहे, फक्त घाईत आहे, हे मग मला सांगावे लागले नाही. खर्च काही नाही. दोन नाण्यांपैकी एक बाकाखाली गेले ते अजून सापडलेले नाही, एवढेच.

भालाफेकीने याहून मोठा फायदा झाला. नीरज चोप्राची टोकियोतली ८७.५८ मीटर आणि पॅरिसमधली ८९.४५ मीटर ही फेक मुलांना पाठ आहे, पाकिस्तानच्या अर्शद नदीमची ९२.९७ सुद्धा, थोड्या नाराजीने का होईना. पण १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने भाला १०४.८० मीटर फेकला होता, हे सांगितल्यावर वर्गात एकच गलका. मग आताचे खेळाडू मागे पडले का? नाही, भाला बदलला. इतक्या लांब जाणारा भाला मैदानात मावेना, शिवाय तो पुष्कळदा आडवाच पडायचा आणि टोक लागले की नाही यावर वाद व्हायचे. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे तो बोटावर तोलला जातो तो बिंदू, ४ सेंटिमीटर पुढे सरकवला. वजन तेच, ८०० ग्रॅम. फक्त चार सेंटिमीटर, आणि भाला लवकर नाक खाली घालू लागला.

हे नुसते सांगून कळत नाही, करून पाहावे लागते. आम्ही बांबूची हलकी काठी घेतली, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर घट्ट गुंडाळला. काठी बोटावर तोलून जिथे स्थिर राहते तिथे खडूने खूण केली. ट्यूब पुढे सरकवली की खूण पुढे जाते, मागे सरकवली की मागे. मग मैदानावर फेकून पाहिले. ट्यूब पुढच्या टोकाकडे असली की काठी टोकावर उतरते. मागे असली की हवेत नाक वर करते, डगमगते आणि शेपटीवर आपटते. सातवी-आठवीची मुले कुंपणाला येऊन उभी राहिली. एका मुलीने विचारले, काठी इतकी लांब असूनही आपण एकाच ठिपक्याचा विचार का करायचा? गुरुत्वमध्याची व्याख्या मी आजवर अनेकदा लिहून दिली आहे, पण ती कशासाठी हवी असा प्रश्न कुणी तरी विचारला तो मैदानावर.

भाला ४५ अंशातच का फेकत नाहीत, हाही एक सुंदर प्रश्न आहे. पुस्तकी हिशेबात ४५ अंशाला पल्ला सर्वात जास्त. प्रत्यक्षात अव्वल खेळाडू साधारण पस्तिशीच्या आसपास फेकतात, कारण भाला खांद्याच्या वर सुटतो, हवा त्याला थोडी उचलून धरते आणि माणसाचा हात कमी कोनात जास्त वेग देऊ शकतो. सूत्र अकरावीचे आहे हे मान्य. पण सूत्र कुठे अपुरे पडते ते नववीतल्या मुलालाही कळते, आणि तेच जास्त महत्त्वाचे.

धावण्याचे उदाहरण थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या १०० मीटरमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांचीही वेळ ९.७९ सेकंद, निकाल लागला सेकंदाच्या पाच सहस्रांशाने. आमच्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात मोबाइलच्या स्टॉपवॉचवर शंभरांशापर्यंत वेळ लिहिली जाते आणि त्यावरून भांडणे होतात. ती वेळ किती खरी? एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची आणि न सांगता सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिक्रियेला ०.२ सेकंद लागली, सूत्र पुन्हा तेच. म्हणजे अंगठ्याने दाबलेल्या घड्याळावर शेवटचे दोन आकडे शोभेचेच. क्रीडाशिक्षक माझ्यावर थोडे रागावले आहेत, पण १९८४ मध्ये पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने का गेले आणि ते मोजायला कॅमेरा का लागतो, हे मुलांना नीट कळले.

क्रिकेटबद्दल काय सांगावे? रविवार, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना त्या संघात. आमच्या वर्गातल्या मुली तोवर क्रिकेटची उदाहरणे निघाली की मान खाली घालून वही सजवत बसायच्या, आता मुलांच्या चुका काढतात. ‘रात्री दव पडणार, चेंडू हातातून निसटणार’ हे पानटपरीवरचा माणूसही सांगतो. दहावीच्या ‘उष्णता’ या धड्यात दवबिंदू तापमान आणि सापेक्ष आर्द्रता आहेत, आणि मुले ती ‘दोन गुणांसाठी महत्त्वाचे’ म्हणून पाठ करतात. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात हळूहळू बर्फ घालत, पेल्याबाहेर पहिला थेंब दिसेल तेव्हाचे तापमान नोंदवले की दवबिंदू मिळतो. त्या दिवशीचे हवामान पाहून सामन्यात दव पडेल का याचा अंदाज वर्गातच बांधता येतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. चेंडू स्विंग का होतो याचे ‘एका बाजूला हवा वेगाने जाते’ एवढेच उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होऊ नये. नासातले शास्त्रज्ञ रवींद्र मेहता यांच्यासारख्यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. शिवणीमुळे चेंडूच्या एका बाजूला पृष्ठभागालगतचा हवेचा थर खळबळतो आणि उशिरा सुटतो, त्यातून चेंडू वळतो. दमट हवेत चेंडू जास्त वळतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण पवनबोगद्यातल्या प्रयोगांत त्याचा ठाम पुरावा सापडलेला नाही. शिक्षकाने हे वर्गात कबूल केले तर बिघडत काही नाही. उलट मागच्या बाकावरचा पोरगा, जो रोज गल्लीत टेप लावलेला टेनिस बॉल टाकतो, तो तावातावाने पुरावे घेऊन येतो.

पॅरिसमध्ये कुस्तीच्या अंतिम फेरीआधी विनेश फोगाटला बाद करणारे ते जादा शंभर ग्रॅम आठवा. अर्धा पेला पाण्याचे वजन. शरीरातले पाणी, घाम आणि उत्सर्जन हा सारा धडा त्या एका बातमीत होता आणि घरोघरी त्यावर बोलणे चालले होते. किंवा जानेवारी २०२५ मधला दिल्लीचा पहिला खो-खो विश्वचषक घ्या, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. खांबाला धरून गरकन वळणाऱ्या पळतीच्या खेळाडूवर अभिकेंद्री बल, म्हणजे वर्तुळात फिरणाऱ्याला मध्याकडे ओढणारे बल, शिकवायला कुणाची हरकत असेल?

हरकत कुणाची नसते, सवड नसते. वार्षिक नियोजनात कोणत्या आठवड्यात कोणता घटक हे ठरलेले, टाचण त्याप्रमाणे लिहिलेले, तपासणीला आलेले साहेब टाचण आणि फळा जुळतो का पाहतात. त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, माहिती भरायच्या रोजच्या ऑनलाइन लिंक. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ध्वनी’ सोडून ‘गती’ घेतली तर लेखी खुलासा कोण देणार? म्हणून माझी पहिली विनंती अशी की कृपया यावर नवा उपक्रम काढू नका. ‘खेळातून विज्ञान पंधरवडा’ असे नाव पडले, पाच फोटो आणि एक व्हिडिओ अपलोड करायची अट आली, की काठी आणि ट्यूब बाजूला राहतील आणि बॅनर छापला जाईल. वर्गात मोठा पडदा लावून सामना दाखवण्याचीही गरज नाही, सामना मुलांनी पाहिलेलाच असतो.

हवे ते एवढेच. स्पर्धेच्या काळात घटकांचा क्रम मागेपुढे करण्याची मोकळीक शिक्षकाला लेखी द्यावी. घटक चाचणीत एखादा प्रश्न खऱ्या खेळातल्या खऱ्या आकड्यांवर असावा, कारण आमच्याकडे परीक्षेत येते तेच शिकवले जाते, हे कडू असले तरी खरे आहे. आणि बालभारतीने किंवा राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेने स्पर्धेच्या आधी चार पानांचा तक्ता काढावा: कोणत्या खेळातले साहित्य किती वजनाचे, मैदान किती लांब, वेग साधारण किती, कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याशी ते जुळते. असले आकडे शोधण्यात माझे रविवार जातात. मला त्याची हौस आहे, सर्वांनाच असावी असा आग्रह धरता येणार नाही.

लॉस एंजेलिस ऑलिंपिक १४ ते ३० जुलै २०२८ या काळात आहे आणि १९०० नंतर प्रथमच त्यात क्रिकेट असेल. तिथली वेळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेबारा तासांनी मागे, म्हणजे तिथे संध्याकाळी सहाला सुरू होणारी अंतिम फेरी आपल्याकडे सकाळी साडेसहाला दिसेल. मुले ती पाहून थेट शाळेत येतील, पेंगत नव्हे. सध्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे त्याच पंधरवड्यात नववीला ‘गतीचे नियम’ आणि दहावीला ‘गुरुत्वाकर्षण’ असते. तक्ता त्या वर्षी १५ जूनच्या आत, पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबरच शाळेत पोचावा, ऑगस्टमध्ये नको.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
जि. कोल्हापूर