बदली शिक्षकासाठी एक पान लिहून ठेवा

महोदय,

विशेष मुलांच्या वर्गाचे शिक्षक रजेवर गेले, की मोकळा दिसेल त्याला तिथे धाडायचे, असे आमच्या भागात बऱ्याचदा होते. त्या माणसाला कुणी काही सांगतही नाही. नियमित शिक्षकांनी प्रत्येक मुलाची माहिती लिहून ठेवावी: घंटेचा आवाज कुणाला सोसत नाही, पाणी कोण खुणेने मागतो, खिचडी कुणाला मऊ करून भरवायची.

आकडी कुणाला येते, हे तर ठळक अक्षरांत हवे. आपल्याकडे अजूनही चप्पल नाहीतर कांदा हुंगवतात, दातांत चमचा कोंबतात. यातले काहीही करू नये. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ बघावे, पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर १०८ला फोन लावावा.

बदलीवर जाणाऱ्यानेही आदल्या दिवशी वर्गातल्या मावशींना गाठावे. मुलं त्यांना जास्त कळतात (मुख्याध्यापकांना हे पटेलच असे नाही). आणि नवे काही शिकवायचा उत्साह जरा आवरावा. बऱ्याच स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना रोजचाच क्रम लागतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्यांच्यासाठी एखादा तास ठेवायला काय हरकत आहे?

– एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई