झुडपी जंगलाचा कागद

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, कोर्टाच्या भानगडीत पडू नका, आपलं वावर तर शाबूत आहे." तेव्हा मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

गावालगतच्या बरडावर गोदामासाठी जागा दिल्याचा आदेश निघाला आहे. त्यात तिला पडीक म्हटलंय. पडीक कशी? पळस, बोरी, मोहाची सात झाडं आहेत तिथं. पावसाळ्यात वावरात पीक उभं असलं की गुरं सोडायला गावाला दुसरी जागाच नाही. तुझ्या नागपूरच्या पहिल्या वर्षाची फी ज्या बकऱ्या विकून भरली, त्या याच बरडावर वाढल्या, बाळा.

चार खेपा घालून मी निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनींवरच्या हक्कांच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढली. अक्षर फिकं, कोपरा वाळवीनं खाल्लेला. पण 'झुडपी जंगल' हे दोन शब्द स्वच्छ वाचता येतात. सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की त्याच न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच. (निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आपल्या अमरावतीचे, याचं मला फार बरं वाटलं.) वन म्हटलं की १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं केंद्राची मंजुरी आधी हवी. गोदामाच्या आदेशात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची माणसं मात्र घाबरली आहेत. त्यांची घरंही अशाच झुडपी जागेवर आहेत. कोर्टात गेलो तर आपलीच घरं पाडतील, असं त्यांना वाटतं. दोन रात्री त्यांच्या ओट्यावर बसून समजावलं: १९९६ च्या त्या तारखेआधी दिलेल्या जागा केंद्राच्या मंजुरीनं नियमित करायची वाट त्याच निकालात आहे. चौकशी व्हायची ती त्यानंतरच्या वाटपांची. तरी एक म्हातारी रडतच होती. तिच्याजवळ पट्ट्याचा कागद नाही. तिचं काय करायचं, ते वकिलांना विचारायचं आहे.

आता घाई आहे ती स्थगितीची. जेसीबी एकदा फिरला, तर मागून निकाल आपल्या बाजूनं लागून मोह काही उभा राहत नाही.

रविवारी ये. ग्रामसभेचा ठराव आणि ही नक्कल नागपूरला वकिलांच्या हातात द्यायची आहे. पोस्टानं पाठवायला जीव धजत नाही. याचिकेवर पहिलं नाव माझं आहे. आईला मी सांगितलंय.

तुझा,
बाबा