मधले महिनेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फलंदाजी आणि पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू टाकणं) दोन्ही करणारा जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानी याच्या पुनरागमनाबद्दल आपल्या क्रीडापानावर आलेला मजकूर वाचला. बेसबॉलला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. एक गोष्ट मात्र खटकली. कोपराचं ऑपरेशन एका ओळीत उरकलं आणि पुढच्याच ओळीत गडी मैदानात! ऑपरेशन झालं २०२३च्या सप्टेंबरात. मधल्या काळात त्याने फलंदाजी केली, पण सामन्यात पिचिंग पुन्हा सुरू झालं ते थेट २०२५च्या जूनमध्ये. हे एकवीस महिने वाचकांपर्यंत पोचायला हवे होते.

ज्याच्या नावाने असं ऑपरेशन ओळखलं जातं तो टॉमी जॉन डॉक्टर नव्हे, पेशंट. लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन संघाचा डावखुरा पिचर. १९७४च्या मोसमात १३ विजय आणि ३ पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याची हार-जीत पिचरच्या नावावर मांडतात) अशा भरात असताना १७ जुलैला चेंडू टाकता टाकता त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, फाटलं. तोवर अशी दुखापत म्हणजे पिचरची कारकीर्द संपली, असंच धरून चालत. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढली आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ती ओवली. पूर्वीसारखा खेळशील याची शक्यता शंभरात एक, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पुढे नस दुखावून हात आखडला, म्हणून डिसेंबरात पुन्हा ऑपरेशन. १९७५चा अख्खा मोसम गेला. १९७६ साली परतला तेव्हा १० सामने जिंकला, १० हरला.

मला हे दहा-दहा फार मोलाचे वाटतात. पुढच्या वर्षीचे २० विजय सगळे सांगतात. एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे, निवृत्ती वयाच्या ४६व्या वर्षी, हेही सांगतात. पण दीड वर्ष घाम गाळून आलेल्या माणसाने बरोबरीत सुटलेला तो मोसम पचवला, म्हणून पुढचं घडलं.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतो. गेल्या हिवाळ्यात एका शालेय स्पर्धेत चौदा वर्षांच्या एका पिचरने सकाळचा सामना पूर्ण टाकला आणि दुपारी त्यालाच पुन्हा उभं केलं. सामना संपल्यावर तो पाण्याच्या बाटलीचं झाकण डाव्या हाताने फिरवत होता, जमत नव्हतं, पण उजवा हात पोटाशी धरलेला. मी कोपराला आतून नुसतं बोट लावलं तर पोरगं कळवळलं. वडील शेजारीच होते. म्हणाले, "सर, आता ऑपरेशन केलं की हात पहिल्यापेक्षा भारी होतो म्हणे."

हा समज कुठून येतो? मधले महिने गाळून लिहिलेल्या बातम्यांतूनही येतो. ऑपरेशनने हात भारी होत नाही, फाटलेलं सांधतं, तेही दरवेळी नाही. आपलं नाव लहान मुलांच्या ऑपरेशनला चिकटलं याचं दुःख खुद्द टॉमी जॉनने जाहीरपणे बोलून दाखवलं आहे. अमेरिकेत १३-१४ वर्षांच्या पिचरसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू ही शिफारस आहे, आणि ६६च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे एकाच दिवसात दोन-दोन सामने लावतात. आयोजकांनी निदान एका पिचरला दिवसात एकच सामना, एवढा नियम तरी करावा.

त्या दिवशीच्या स्कोअरशीटवर धावा, बाद, चुका, सगळं टिपलेलं होतं. चेंडू किती टाकले याचा रकानाच नव्हता. या वर्षी आमच्या शाळेच्या वहीत मी तो पट्टीने आखून घेतला आहे.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक, जळगाव